कौल पडलं की पॉज करायचं

आई, बाबा,

हे पत्र दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून देईल, ते कागदावरच वाचा, फोनवर नको. बाबांच्या डोळ्यांना त्रास होतो आणि आई तू चष्मा शोधत बसशील. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी एकतर रडते नाहीतर भांडते, गेल्या आठवड्यात दोन्ही करून झालं, म्हणून लिहितेय.

आधी सांगायचं ते सांगून टाकते. मी इथलं, रोमचं, कॉन्ट्रॅक्ट अजून दोन वर्षांनी वाढवलंय. सही झाली. सही मी मंगळवारी केली, बाबा सोमवारपासून ॲडमिट होते, आणि मला कळलं शुक्रवारी. आई, तू व्हिडिओ कॉलवर म्हणत होतीस की बाबा झोपलेत, हळू बोल, आणि तुझ्या मागे हिरवा पडदा होता आणि पडद्याच्या कडेला सलाईनचा स्टँड. आपल्या घरात हिरवा पडदा नाहीये आई. मी तेव्हा काही बोलले नाही, फोन ठेवला आणि दादाला लावला.

आधी कळलं असतं तर सही केलीच नसती असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला विचारून केली असती, विमानात बसून येऊन, बाबांच्या पायाशी बसून विचारलं असतं. आता तुम्ही दोघं म्हणाल की तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून सांगितलं नाही. मला माहितेय ते. त्याच्यावर पुढे लिहितेच.

दोन वर्षं का, तर माडीचं कर्ज दोन वर्षांत पूर्ण फिटतं. आणि आत्ता सोडून आले तर तीन वर्षांचं काम अर्धवट दुसऱ्याच्या हातात द्यावं लागेल. आणि पुण्यातली जी नोकरी मिळत होती तिच्यात मी कोल्हापूरला महिन्यातून एक रविवार आले असते, तोही धावतपळत, त्यापेक्षा इथून वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे येते ते दिवस मोजले तर जास्तच होतात, मी वहीत लिहून मोजलेत. आणि खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. हे तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला सांगणार. दिवाळीला जमत नाहीये, पण २० डिसेंबरला येतेय, तिकीट काढलंय. आई, चकल्या कुरिअर करायच्या नाहीत, मी आल्यावर कर, मी सोऱ्या फिरवते.

बाबा, आता तुमच्याशी. दादा म्हणाला की तुम्ही दोन आठवडे चोप्रांचं महाभारत पुन्हा लावलं होतंत, ९४च्या ९४ एपिसोड, दिवसाला सात-सात, ताटसुद्धा खुर्चीतच. मला यात नवल वाटलं नाही. १९८८ला ते सुरू झालं तेव्हा दादा आईच्या पोटात होता ना, आणि वस्त्रहरणाचा भाग लागला तेव्हा आई तान्ह्या दादाला उचलून आतल्या खोलीत गेली होती, हे मी इतक्यांदा ऐकलंय की मीही तिथं होते असं वाटतं. पण डॉक्टर म्हणाले की तासन्‌तास एका जागी बसणं हे पायात रक्ताची गाठ होण्याचं एक कारण असू शकतं. आई, तू ताट तिथं नेऊन दिलंस म्हणून तुझी काही चूक नाही, दादाला तू तसं म्हणालीस म्हणे, तर ते मनातून काढून टाक. आपल्या घरात सिनेमा-सिरियल बघताना उठायचं नसतं हे आजोबांपासूनच चालत आलंय.

आता जे मनात आहे ते. बाबा, बेन-हरच्या त्या तीन सीड्या आठवतात ना? मी सातवीत होते, परीक्षा संपली त्या दिवशी तुम्ही आणल्या होत्या. सिनेमा २१२ मिनिटांचा, म्हणून तीन सीड्या, आणि दुसरी ऐन रंगात आली की अडकायची, मग तुम्ही ती काढून बनियनला पुसायचात, फुंकर मारायचात, परत घालायचात, आणि आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो. मधेच पॉज करून तुम्ही वर्गात शिकवल्यासारखं सांगायचात, की गुलामांना साखळीने बांधून वल्ही मारायला लावतात हे सिनेमापुरतं, रोमन आरमारात वल्हेकरी बहुतेक पगारी मोकळी माणसं असायची. शर्यतीला मात्र तुम्ही कधी पॉज केलं नाही. नऊ रथ, प्रत्येकाला चार घोडे. एका रथातला माणूस हवेत उडून पुढच्या बाजूला पडतो ना, तो खराच अपघात होता, स्टंट करणारा पोरगा हनुवटीला टाके घालून वाचला आणि तो शॉट तसाच ठेवला, हे तुम्ही मला दर वेळी नव्याने सांगायचात आणि मी दर वेळी नव्याने ऐकायचे.

पण आई, तुझं लक्ष शर्यतीकडे नव्हतंच. तू भाजी निवडत बसलेली असायचीस आणि दोनच ठिकाणी मान वर करायचीस. एक ते येशूचे पाणी पाजणारे हात, चेहरा दाखवतच नाहीत, नुसते हात आणि पाठ. आणि दुसरं, नायकाची, ज्युडाची, आई मिरियम आणि बहीण तिर्झा तुरुंगातून सुटून रात्री आपल्याच घराच्या अंगणात येतात, दोघींना कुष्ठरोग झालेला, आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या एस्थरला हात जोडून सांगतात की त्याला आमचं सांगू नकोस, त्याच्या आठवणीत आम्ही आधी होतो तशाच राहू देत. आणि एस्थर त्याला सांगते की त्या मेल्या. तू तेव्हा म्हणाली होतीस, कुठलीही आई हेच करेल.

मला त्या शुक्रवारी फोन ठेवल्यावर हेच आठवलं. रात्रभर झोपले नाही. आई, मिरियमने जे केलं ते मायेपोटी केलं, पण त्या पोराचं काय झालं बघ ना. आई गेली असं समजून बसला, आणि ती जिवंत आहे, कुष्ठरोग्यांच्या दरीत आहे, हे त्याला कळलं ते मरायला टेकलेल्या वैऱ्याच्या तोंडून. घरातल्या कुणी सांगितलं नाही. मला असं कुणाकडून तरी कळू देऊ नका. बाबांना साधा ताप आला तरी सांगा, साखर वाढली तरी सांगा, मी लगेच बॅग भरून निघणार नाही, मी शांतपणे ऐकेन, शब्द देते. पण मला ठाऊक असू दे. मागचे चार दिवस मी इथं हसतखेळत जेवले, मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले, आणि तुम्ही तिकडे वॉर्डात. ते मला सहन होत नाहीये.

असो. एक गोष्ट सांगते म्हणजे बाबांना बरं वाटेल.

रविवारी मी चिनेचित्ताला, इथल्या जुन्या सिनेमा स्टुडिओत, जाऊन आले. घरात बसवेना म्हणून गेले. आमच्या इथनं मेट्रोची ए लाइन थेट स्टुडिओच्या दारात सोडते. बाबा, १९५८ला बेन-हरचं शूटिंग जिथं सुरू झालं तीच जागा, रथांच्या शर्यतीचा आखाडा तिथंच बांधला होता, १८ एकरांचा. तो आता नाहीये. पण २००५ साली ‘रोम’ नावाची सिरियल आली होती, सीझरच्या काळातली, २२ भागांची, तिच्यासाठी उभारलेला फोरम अजून आहे, आत फिरायला देतात. लांबून अगदी संगमरवर, कमानी, पायऱ्या, लालभडक रंगवलेल्या भिंती. मी एका खांबाजवळ गेले आणि बोटाने टकटक केलं. पोकळ. फायबर. खालच्या कडेला रंगाचा पोपडा निघालेला, आणि मागे जाऊन बघितलं तर लोखंडी पाइपांचा सांगाडा, अगदी आपल्या गणपतीतल्या देखाव्यामागे असतो तसा, नट-बोल्टसकट. मला तिथं इतकं आपलं वाटलं की मी बराच वेळ मागच्याच बाजूला बसून राहिले.

आजोबांची आठवण आली. जयप्रभा स्टुडिओत मावळ्यांच्या गर्दीत उभे होते ते, भालजी पेंढारकरांच्या १९५२च्या ‘छत्रपती शिवाजी’ सिनेमात, हातात लाकडाची तलवार, बेगड लावलेली, आणि दिवसभर उन्हात उभं राहून बेगड हाताला चिकटायची म्हणायचे. तुम्ही लहानपणी थिएटरात पडद्याकडे बोट करून ओरडला होतात तो शॉट. आजोबा अजून एक सांगायचे, की गांधीजींच्या खुनानंतर १९४८ला स्टुडिओ जाळला होता आणि भालजींनी तो राखेतनं परत उभा केला. तर इथलंही तसंच आहे बाबा. १९३७चा स्टुडिओ, युद्धात बाँब पडले, नंतर काही वर्षं निर्वासितांनी तिथंच संसार मांडले, आणि २००७ला पुन्हा मोठी आग लागली, त्यात ह्या रोमच्या सेटचाही भाग गेला. उरलेला मी बघून आले. तुम्हाला दाखवायचाय. पाय बरा झाला, डॉक्टरांनी विमानाला हो म्हटलं, की पुढच्या एप्रिल-मेमध्ये दोघांनी यायचं, तेव्हा ऊन फार नसतं. सर्कस मॅक्सिमस, जुन्या रोमचं रथशर्यतीचं मैदान, माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसतं, नुसतं गवताचं लांबलचक मैदान आहे आता, संध्याकाळी लोक कुत्री फिरवतात. इथं येणाऱ्यांना वाटतं बेन-हरची शर्यत गोष्टीतही इथलीच, मी सांगते की सिनेमाच्या गोष्टीत ती जेरुसलेमला होते, रोमन गव्हर्नर पिलातच्या समोर. तुमच्यामुळे माहितेय.

आता नीट ऐका, दोघांनीही.

मावशी उद्यापासून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा येतील, पैसे मी दिलेत, आई तू त्यांच्या मागे मागे काम करत फिरायचं नाहीस. संडासात धरायला दांडा बसवायला माणूस गुरुवारी येईल. खुर्ची तीच राहील बाबा, कुणीही बदलणार नाही, फक्त पुढ्यात पाय ठेवायला उंच स्टूल येतंय. रक्त पातळ होण्याची गोळी रोज ठरल्या वेळेला, चुकवायची नाही, आणि गुडघा दुखला म्हणून दुकानातनं पेनकिलर आणून घ्यायची नाही, आधी डॉक्टरांना फोन. हिरड्यातून रक्त आलं, काळंनिळं पडलं, छातीत दुखलं, दम लागला, तर लगेच दादाला फोन आणि दवाखाना, उगाच सकाळपर्यंत थांबायचं नाही. डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे घालायचे. टोचतात माहितेय. तरी घालायचे. रंकाळ्याला सकाळी दादाबरोबर, एकटं नाही.

आणि सिनेमा बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. उलट शनिवारी आपण तिघं मिळून बघायचं. तुमचे संध्याकाळचे सात, माझे दुपारचे साडेतीन, ऑक्टोबरच्या शेवटी इकडची घड्याळं मागे गेली की माझे अडीच होतील, पण तुमचे सातच. दोन्हीकडे एकदम प्ले करायचं आणि फोन स्टँडवर लावून ठेवायचा, म्हणजे मला तुम्ही दिसाल. सुरुवात बेन-हरपासूनच. पण एका बैठकीत पाऊण तास, त्याच्यापुढे नाही. सुरुवातीला पाच-सहा मिनिटं पडद्यावर नुसतं मायकलअँजेलोचं चित्र असतं आणि संगीत वाजतं, तुम्ही ते कधी पुढे ढकलू दिलं नाहीत, तर तेवढा वेळ बाबा दोन्ही पायांचे घोटे गोल फिरवायचे, मी बघणार आहे. पाऊण तास झाला की उठून अंगणापर्यंत फेरी. महाभारतालाही हाच नियम, एक भाग झाला की फेरी, मगच दुसरा.

पहिल्या शनिवारी कौल पडतं तिथपर्यंत बघू. तिर्झाचा हात लागून ते खाली पडतं, गव्हर्नरचा घोडा बुजून त्याला पाडतो आणि सगळं घर उद्ध्वस्त होतं, तिथपर्यंत. ते बघून दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शिडी लावून माडीवरची सैल कौलं तपासत होतात, मी खाली शिडी धरून उभी होते आणि तुम्ही वरून म्हणालात, चिमे, आपल्या घराचं एकही पडणार नाही. शिडीवर आता चढायचं नाही बाबा, कौलं शाकारायला माणूस येईल, दादाशी बोललेय. कौल पडलं की पॉज करायचं, आणि पुढचं एकट्याने बघायचं नाही, मी असल्याशिवाय.

तुमची,
चिमी