पालीच्या ओहळात हात देणाऱ्यांचे आभार

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावातून धबधब्याकडे जाणारी वाट ओहळ पुन्हा पुन्हा ओलांडत जाते, आणि वरच्या डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही पाणी पाहता पाहता गढूळ होऊन फुगते. गेल्या श्रावणात आमच्या फोंड्याच्या गटाची परतीची वाट अशीच अडली असता, नावे सांगण्याचे हसून टाळणाऱ्या ज्या ग्रामस्थांनी आम्हाला पार नेले, त्यांचे हे जाहीर आभार.

कमरेला कोयता लावलेल्या त्या दोघा तरुणांनी घाई केली नाही, याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. खडकावरील पाण्याची खूण न्याहाळत त्यांनी आम्हाला बराच वेळ काठावर बसवून ठेवले. पाणी उतरू लागल्यावरच दोन्ही काठांच्या झाडांना दोर ताणून बांधला, आणि प्रवाहाकडे तोंड करून, दोराच्या खालच्या अंगाने, आडवी पावले टाकत एकेकाला पलीकडे नेले. त्याआधी कोंडात सूर मारण्यास निघालेल्या आमच्या मित्राला, तळाशी अडकलेले ओंडके दाखवून, ज्या वयस्क काकांनी रोखले, त्यांचेही आम्ही ऋणी आहोत. (मित्र तेव्हा रुसला होता.)

जळवांसाठी मीठ आणि आम्हा सर्वांना गरम पेज देणाऱ्या मावशींनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्या दाराशी चतुर्थीनंतर आम्ही पुन्हा येणार आहोत.