टेकडी निवडायची ती उतार बघून

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय संज्या,

इतके दिवस पत्र नाही की फोन नाही, त्यामुळं तू मला काय काय म्हणाला असशील ते न ऐकताच मला पाठ आहे. आईचा गुडघा आहे तसाच, माझं पित्त आहे तसंच, दादा रंकाळ्यावर फिरायला जातात आणि फिरण्यापेक्षा कट्ट्यावर जास्त बसतात. घरचं झालं.

तू पाठवलेली मसाई पठाराची ती रेघ नकाशात उघडली आणि लगेच लिहायला बसलो. एक शहाणा माणूस एकाच टेकडीवर 8848 मीटर, म्हणजे एव्हरेस्टएवढा, चढ भरेपर्यंत सायकलनं वर-खाली करणार, तेही डांबर सोडून, आणि मला त्या माणसाची नव्हे तर त्यानं धरलेल्या टेकडीची काळजी लागलीय, हे इथं कुणाला सांगायचं? विक्याला सांगितलं तर तो म्हणेल, ज्योतिबाला पाच खेटे घाल, तेवढं पुण्य पुरे. तेव्हा तूच ऐक.

मर्दा, ती वाट चुकीची आहे. देखणी आहे, वादच नाही. म्हाळुंग्याकडून वर यायचं, पठारावर वारा खायचा, देवीच्या देवळापाशी वळायचं, हे फोटोसाठी झकास. पण हिशोब कर. पठार म्हणजे सपाटी. सपाटीवरचा प्रत्येक मीटर तुला दमवतो आणि चढाच्या खात्यात शून्य भरतो. खरा चढ आहे तो कडेच्या तुकड्यात, आणि तो जांभ्याचा आहे. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरतं. पाऊस गेला की सुटा जांभा चाकाखाली छर्ऱ्यांसारखा फिरतो. वर जाताना मागचं चाक जागच्या जागी गरगरतं, खाली येताना पुढचं निसटतं. शिवाय ते आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. रात्रभर दिवे लावून तिथं चकरा मारायच्या तर वनखात्याची लेखी परवानगी लागणार, आणि ती मिळाली तरी गव्यांना कोण सांगणार?

तू म्हणशील, चढ तर छान आठ-नऊ टक्क्यांचा आहे की. तिथंच तुझं-माझं जमत नाही. तू पुण्यात बसून सिंहगडाच्या डांबरावर सराव करतोस, म्हणून तुझं डोकं चढाचाच विचार करतं. डांबरावर ते बरोबरही आहे. चढ संपला की पाय सोडून द्यायचे, घोटभर पाणी प्यायचं, खाली. कच्च्यावर तसं नाही. तिथं उतार म्हणजे विश्रांती नसते, ती दुसरी पाळी असते. बोटं ब्रेकवर, ढुंगण सीटवरून उचललेलं, डोळे चाकापुढच्या दोन वावांवर. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कच्च्यावरची टेकडी उतार बघून निवडायची. चढ जमवून घेता येतो, उतार नाही.

आकडे देतो, नाहीतर तू मानणार नाहीस. सरासरी दहा टक्के चढ धर. 8848 मीटर भरायला वर जाणं साधारण 88 किलोमीटर, तेवढंच खाली. डांबरावर ताशी 40 नं उतरलास तर एकूण उतार सव्वादोन तासांत आटोपतो. चांगल्या दाबलेल्या मुरमावर ताशी 18 मिळाले तरी पाच तास. आणि दगडगोट्यांच्या वाटेवर ताशी 12 च्या वर जाता येत नाही, म्हणजे साडेसात तास नुसते ब्रेक धरून. चढ सगळीकडे तोच. म्हणजे एकाच उंचीच्या दोन टेकड्यांत पाच तासांचा फरक पडतो, आणि तो सगळा उतारात.

ब्रेकचंही तेच. तू 75 किलो, सायकल आणि पाणी मिळून 15. एवढं वजन 8848 मीटर खाली आणताना जी शक्ती सुटते तिचा थोडा भाग टायर खातो, थोडा वारा, आणि या सावकाश वेगात सत्तर टक्क्यांच्या आसपास ब्रेकच्या गळ्यात पडते. रेझिनचे पॅड या लाल धुळीत भराभर झिजतात. धातूचे घे, निघताना नवे आणि वर दोन जोड्या पिशवीत. थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदल, करकर ऐकू येईपर्यंत थांबू नकोस. तुझी डिस्क शिमानोची आहे. नवी 1.8 मिलिमीटर असते आणि 1.5 ला ती टाकायची असते. आताच मोजून घे. पुढं 180 मिलिमीटरची डिस्क बसत असेल तर बसव. आणि अर्धा उतार दाबून धरायची तुझी ती सवय सोड. जोरात दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं.

आता टेकडी. माझ्या मनात आहे ती तुझ्या आत्याच्या गावामागची, पाण्याच्या टाकीची. हसू नकोस. तिथं बघण्यासारखं काही नाही, वर टाकी आणि खाली गोठा. पण तो रस्ता ट्रक चढावेत म्हणून केलेला आहे, आणि सगळं त्यातच आलं. पायवाट माणसाच्या आणि शेळीच्या सोयीनं सरळ अंगावर चढते, मध्येच वीस टक्के, मध्येच सपाट. टाकीचा, टॉवरचा किंवा जुन्या खाणीचा रस्ता भरलेली गाडी चढली पाहिजे या हिशोबानं कापलेला असतो. त्याचा चढ एकसारखा असतो, वळणं रुंद असतात, आणि मुरूम वर्षानुवर्षं चाकांखाली दाबला गेलेला असतो. सुट्या पृष्ठभागावर चौदा-पंधरा टक्क्यांच्या वर गेलं की बसून चालवताना पुढचं चाक उचलतं, उभं राहिलं की मागचं घसरतं. एकदा उतरून ढकलणं ठीक. पण तोच तुकडा प्रत्येक फेरीत येणार आहे. इथं सरासरी दहा आहे आणि सगळ्यात उभा तुकडा बाराच्या आतला.

लांबी 1.35 किलोमीटर, उंची 138 मीटर. यापेक्षा फार छोटी टेकडी घेऊ नये. 40 मीटरची घेतलीस तर 222 फेऱ्या होतात. वर एक वळण, खाली एक वळण, प्रत्येकी पंधरा सेकंद धरले तरी पावणेदोन तासांहून जास्त वेळ नुसता वळण्यात जातो. फार मोठीही नको. 500 मीटरची घेतली तर अठराच फेऱ्या, ऐकायला गोड. पण मध्यावर टायर फाटला तर मदत कोसभर लांब, पाणी प्रत्येक वेळी पाठीवर, आणि अर्धी फेरी हिशोबात धरत नाहीत. 100 ते 180 मीटर, एक ते दोन किलोमीटर, यात राहा.

आणि मध्ये खळगा नको. चढता चढता दहा मीटर उतरून पुन्हा चढणारी वाट आली की उंचीच्या हिशोबात भांडण आलं. एकसलग चढ असला की वरची उंची वजा खालची उंची, विषय संपला.

आता त्या 138 चं ऐक, कारण इथंच लोक फसतात. 138 नं भागलं तर 64.1 येतात, म्हणजे 65 फेऱ्या. पण खरी उंची 136 निघाली तर 65 फेऱ्यांत भरतात 8840. आठ मीटर कमी! दिवसरात्र घाम गाळून आठ मीटर. मोबाईलचा जीपीएस उंचीत सहज दहा मीटर इकडंतिकडं होतो. टोपोशीटवर समोच्च रेषा वीस वीस मीटरच्या, त्यातून दोन मीटर काय कळणार? हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापक बरं, पण आपल्याकडं सकाळी दहा आणि दुपारी चारच्या दाबात हवा न बदलताही तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक असतो, आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास नऊ मीटर. म्हणून खालून वर मोजायचं, न थांबता लगेच वरून खाली मोजायचं, दोन्हीची सरासरी. चढतानाची चूक उतरताना उलटी पडते आणि कटते. असं वेगवेगळ्या दिवशी कर आणि सगळ्यात कमी आकडा धर. आणि तरीही 67 फेऱ्या मार. त्या दोन जादा फेऱ्यांवर वाद घालणार असशील तर आताच सांग, मी येत नाही.

नोंद एकाच सलग फाईलमध्ये हवी. यंत्राचं आपोआप थांबणं बंद कर, आणि दुसऱ्या यंत्रावर वेगळी नोंद चालू ठेव. झोप चालत नाही, बसून राहिलास कितीही वेळ तरी चालतं. गाडीत बसून खाली येणं नाही.

गिअरबद्दल तू लिहिलंस की पुढं 32 दात आणि मागं 42 पुरतील. नाही पुरणार. 29 इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात तू पावणेदोन मीटर पुढं जातोस. मिनिटाला साठ फेरे मारायचे तर या मुरमावर 190 वॅट लागतात, ते तू दहा तास देशील, सोळा तास नाही. मग फेरे पन्नासच्या खाली येतील आणि गुडघे आईच्या रांगेत जाऊन बसतील. मागची महागडी कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा गठ्ठा, बदलायची गरज नाही, पुढं 28 दातांची चकती टाक आणि साखळीच्या दोन कड्या कमी कर. मग ताशी साडेपाचला 165 वॅटमध्ये भागतं. फेरी वर पंधरा मिनिटं, खाली साडेचार. 67 फेऱ्यांचे बावीस तास, थांबे धरून पंचवीस.

टायर ट्यूबलेसच. आंबोलीचं भांडण पुन्हा उकरायचं नाही, पण तू त्या वेळी चूक होतास. सव्वादोन इंची, हवा 22 पीएसआयच्या आसपास, प्रत्येक चाकात शंभर मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) नवा भरलेला, कारण जुना उन्हानं वाळून कातडं होतो. बाभळीच्या काट्याला तो पुरतो. टायरच्या कुशीला दगडानं चीर पडली तर नाही पुरत, म्हणून प्लगच्या दोऱ्या आणि एक ट्यूब जवळ. साखळीला ओलं तेल नको, लाल धुळीत त्याची दात घासायची पेस्टच होते. मेणाचं लाव, आणि दर पंधरा फेऱ्यांनी फडक्यानं पुसून पुन्हा.

दिवस डिसेंबरचा धर, पण रस्ता आधी बघ. गळीत हंगाम सुरू असतो, खालच्या शेतातून उसाच्या ट्रॉल्या निघाल्या की पायथ्याशी चाकोऱ्या पडतात. फेब्रुवारीनंतर नको. गवत वाळलेलं असतं, वणवे लागतात आणि धुरात दम लागतो. ज्योतिबाच्या बाजूची कुठलीही टेकडी तुझ्या डोक्यात असेल तर रविवार टाळ, आणि माघातले खेटे व चैत्रातली यात्रा तर अजिबात नाही. रस्ता ज्यांचा आहे त्या भाविकांना आपण घंटी वाजवायची नसते.

निघायचं दुपारी चारला. सगळे पहाटे निघतात, मला ते पटत नाही. पहाटे निघालास तर विसाव्या तासाला मध्यरात्र असते, बोटं बधिर, डोळे मिटायला आलेले, आणि समोर अंधारातला उतार. पडतात ते तेव्हाच. चारला निघालास तर रात्र ताज्या अंगानं निघून जाते आणि शेवटचा टप्पा उजेडात येतो. दुसऱ्या दुपारी ऊन तिशीच्या आसपास जाईल, ते पाण्यानं भागवता येतं. झोपेला उतारा नाही. दिवे दोन, एक दांडीवर आणि एक डोक्यावर. दांडीवरचा एकटा असला की वळणात तो सरळ दरीत बघतो.

खायला तासाला साठ ग्रॅम साखर-पिष्ट पोटात गेलं पाहिजे. उकडलेला बटाटा मीठ लावून, केळी, गुळाची चिक्की. रात्री दहीभात. भडंग पहिल्या पाच तासांतच खा, नंतर तोंड कोरडं पडून ते घशात अडकतं. तांबड्या रश्श्याचं नाव फेरी 67 च्या आत काढलंस तर टाकीत बुडवीन. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, लिटरला दीड ग्रॅम मीठ. सगळं खालच्या वळणावर ठेवू. वर ठेवलं तर चढ संपल्याच्या आनंदात तू बसशील आणि अंग गार पडल्यावर थेट उतारावर जाशील. खाली थांबलास की पुढं पंधरा मिनिटांचा चढ असतो, अंग आपोआप तापतं.

ग्रामपंचायतीत मी बोलतो. टाकीचा वॉल्व सोडायला माणूस दिवसातून दोनदा मोटारसायकलनं येतो, त्याची वेळ आधी विचारून ठेवतो. कुत्री आहेत, पण ती आत्याला ओळखतात.

पोरीची दहावी ना यंदा? तिला माझ्याकडून सांग, बीजगणित आधी. नवीन नोकरीचं ऐकलं, पगार वाढला असेल तर चांगलंच. वहिनींना नमस्कार, आणि त्यांना हे सगळं सांगितलंयस की नाही ते मला खरं कळव, कारण फोन मला येणार आहे.

पॅडचा नंबर आणि पुढच्या चकतीची खिळ्यांची मापं लगेच पाठव. इथं दुकानात मिळाली नाहीत तर मागवावी लागतील.

तुझा,
बाप्या

ता.क. मसाईला जाऊच, पण गाडीनं, आणि डबा घेऊन.