निखिल, देश ठरवायच्या आधी हे वाच

प्रिय निखिल,

परदेशात कंपनी काढून राहायला जायचं म्हणून केलेली तुझी एक्सेल शीट बघितली, दुबई सिंगापूर कॅनडा पोर्तुगाल, प्रत्येकापुढे टॅक्स किती आणि कंपनी काढायला खर्च किती. मेहनत घेतलीयस, पण त्या शीटमध्ये काकू, म्हणजे तुझी आई, कुठेच नाहीत रे, आणि तुझा मुलगा अथर्व पण नाही. जाणार चौघं, मग विचार पण चौघांचा व्हायला पाहिजे, म्हणून फोनवर घाईत न बोलता लिहितोय.

आधी दुबई, कारण इथलं मी रोज बघतोय. त्या सेमिनारमध्ये तुला झिरो टॅक्स सांगितलं ते पगारापुरतं खरं आहे, पण जून २०२३ पासून कंपनीला ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के टॅक्स लागू झालाय. फ्री झोनचं, म्हणजे कंपन्यांसाठीच्या खास सवलतीच्या भागातलं, लायसन्स पटकन मिळतं, घोडं पेंड खातं ते बँकेत. माझ्या वेळी बँकेने आधी कस्टमर कोण ते विचारलं, मग त्यांच्याशी केलेले करार मागितले, मग भारतातल्या खात्याची स्टेटमेंट, आणि सगळं दिल्यावर परत तेच कागद नवीन तारखेचे आणा म्हणाले, आणि अकाउंट नाही म्हणजे इनव्हॉइसचे पैसे घ्यायचे कुठे? लायसन्सची फी, घरभाडं सगळं चालूच असतं तेव्हा. भाड्याचं पण ऐक, वर्षभराचे चेक आधीच लिहून द्यायचे आणि भाडेकराराची एजारी, म्हणजे सरकारी नोंदणी, करायची, फॅमिली व्हिसाच्या वेळी ती मागतात. त्यामुळे सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय निघूच नकोस.

आता काकू. इथे आईवडिलांचा व्हिसा दरवर्षी रिन्यू करायचा आणि मेडिकल इन्शुरन्स पाहिजेच, त्याचा हप्ता वयाबरोबर वाढत जातो. माझी आई उन्हाळ्यात इथे असते तेव्हा सकाळी दुकानं उघडायच्या आत मॉलमध्ये चालून येते, तिथे तिच्या वयाच्या बऱ्याच बायका असतात, एक सोलापूरच्या आहेत, त्यांच्यामुळे तिचं मन लागतं. पण बाकीचा दिवस घरातच जातो, काकूंना असं कोंडून राहणं जमेल का, ते त्यांनाच विचार.

सिंगापूरला कंपनी टॅक्स १७ टक्के, शहर एकदम शिस्तीचं, पण तू एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, असताना आईला लाँग टर्म पासवर, म्हणजे लांब मुक्कामाच्या परवान्यावर, आणायचं तर तुझा पगार महिना निदान १२,००० सिंगापूर डॉलर पाहिजे, म्हणजे कंपनीने नव्याने सुरुवात करतानाच तो द्यायला हवा. आणि पुढे तुमच्याबरोबर अथर्वला पण पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, मिळाला तर मोठा झाल्यावर दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी वगैरे सेवा, करावी लागेल. वाईट आहे असं नाही, पण ती दोन वर्षं त्याची आहेत, आपण टॅक्स वाचवायला ठरवून मोकळं व्हायचं हे मला पटत नाही.

कॅनडात एक्सप्रेस एंट्रीला, म्हणजे पॉइंट मोजून पीआर देणाऱ्या योजनेत, तिशीनंतर वयाचे पॉइंट दरवर्षी कमी होतात आणि ४५ ला शून्य, तू बेचाळीसचा. शिवाय पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं, आणि तुझी टीम पुण्यात. काकूंना सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या व्हिसावर, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं ही त्यातली खरंच चांगली गोष्ट.

पोर्तुगालमध्ये घर घेऊन गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीवर मिळणारा राहायचा परवाना, हा रस्ता ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद झाला, तरी लोक अजून फ्लॅटचे फोटो दाखवतात! पण वहिनींचं माहेर मडगावचं, त्यांच्या बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला ना? मग तिकडच्या नागरिकत्वाचा वेगळाच दरवाजा आहे. सुरुवात बाबांची जन्मनोंद लिस्बनला करण्यापासून होते, आणि भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, त्यामुळे या वयात त्यांच्या भारतीय पासपोर्टचा आणि मतदानाचा प्रश्न उभा राहू शकतो, गोव्यात यावरून वाद चालूच आहेत. बाबांशी नीट बोलल्याशिवाय एजंटला एक कागद देऊ नका.

आणि भारतातली बाजू कोणी सांगत नाही. कंपनी दुबईत काढलीस आणि स्वतः वर्षात १८२ दिवस पुण्यात बसलास तर तू भारताचाच रेसिडेंट, तिकडून घेतलेला पगार भारतात टॅक्सला येणार. एनआरआय झालास की शिरूरची वडिलोपार्जित शेतजमीन तुझीच राहते, पण नवीन शेती विकत घेता येत नाही, म्हणजे शेजारचा तुकडा घ्यायचं तुझ्या काकांचं जे चाललंय त्याचा आधी विचार कर.

मला विचारशील तर तुझे निम्मे क्लायंट गल्फमध्ये, विमानाने तीन-साडेतीन तासांत घर, तर दुबईच बरी, फक्त धंदा आहे तोवर व्हिसा आहे हे वहिनींना स्पष्ट सांग, नागरिकत्वाची आशा धरून येऊ नका. अथर्वचं शाळेचं वर्ष संपल्यावर सगळे या, आधी तू एकटा ये, माझ्याकडेच राहा आणि बँकेचं काम मार्गी लाव.

रविवारी संध्याकाळी फोन कर, वहिनी आणि काकूंना पण स्पीकरवर घे. तोपर्यंत त्या कन्सल्टंटला टोकन देऊ नकोस.

तुझा,
संदीप