ड्युटी सोडून अभ्यासिकेत बसणार नाही

सेवाग्राम

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "इंटर्नशिपला ना परीक्षा ना मार्क. ड्युट्या कमी करून घे आणि नीट-पीजीला बस." तेवढ्यात वॉर्डातून हाक आली आणि बोलणं राहून गेलं. तुमची काळजी मला कळते. पीजीच्या त्या प्रवेश परीक्षेत २०० प्रश्न, साडेतीन तास, आणि त्यावर पुढची सगळी वाट ठरणार. तरी हे वर्ष मी ड्युटीवरच काढणार आहे. का, ते नीट सांगते.

एमबीबीएसची साडेचार वर्षं मी उत्तरं शिकले. फवारणीचं विष अंगात भिनलं तर काय द्यायचं? अॅट्रोपिन. बरोबर पर्यायाला चार गुण. कपाशीच्या हंगामात असा शेतमजूर कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा हे उत्तर तिथे सगळ्यांनाच ठाऊक असतं. सिस्टरांना तर माझ्या आधीपासून. खरी परीक्षा त्यानंतर लागते. किती द्यायचं आणि कुठे थांबायचं? डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. डोस द्यायचा, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी मोजायची, काखेत हात घालून घाम आहे का बघायचं, पुन्हा डोस. छाती मोकळी होईपर्यंत हेच. जास्त झालं की तोच माणूस तापतो, बरळतो, सलाईन ओढायला लागतो. तेही वेळेत ओळखायला हवं. रात्र अशीच सरते. २०१७ साली इथून जवळच यवतमाळ जिल्ह्यात या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातलं एक पान राहिलेला नाही.

सुरुवातीला पीजी करणारे रेसिडेंट सर शेजारी उभे असायचे. आधी मला विचारायचे, "काय ऐकू येतंय?" आणि मगच स्वतःचा स्टेथो लावायचे. आता ते दुसऱ्या पेशंटकडे जातात आणि जाताना एवढंच म्हणतात, "बदल वाटला तर बोलव." आपल्याला झेपेल एवढं करायचं आणि झेपणार नाही तिथे क्षणभरही न थांबता वरच्याला बोलवायचं, ही समज फक्त पेशंटपाशी उभं राहूनच येते. अभ्यासिकेत बसून ती मला कशी मिळणार?

वागणंही असंच अंगी लागतं. मेडिकल कॉलेज कुठलंही असो, पेशंटवर खेकसणाऱ्या सीनिअरचे ज्युनिअर वर्षभरात तसेच खेकसायला लागतात. आमच्या एक मॅडम मृत्यूची बातमी सांगताना नातेवाइकांना बाजूच्या खोलीत नेतात, त्यांच्यासमोर बसतात, दोन साध्या वाक्यांत सांगतात आणि मग बोलत नाहीत. घरच्यांचा पहिला प्रश्न येईपर्यंत थांबतात. मी मागे भिंतीशी उभी राहून बघते. उद्या हे मलाच सांगावं लागेल.

आई, पहिल्या वर्षी आम्ही १५ दिवस कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावात राहिलो, तेव्हा तुला माझ्या जेवणाची चिंता होती. तिथल्या ज्या घरांची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यातल्या एका आजींच्या केसपेपरवर शुगरची गोळी लिहिली होती, 'दोन वेळा जेवणानंतर'. त्या घरात चूल दिवसातून एकदाच पेटायची. हे ओपीडीत कुणाला दिसणार? १९६९ साली गांधीजींच्या सहकारी डॉ. सुशीला नायर यांनी हे कॉलेज मुद्दाम खेड्यात काढलं, त्यामागचा विचार मला त्या ओट्यावर बसून कळला. पुढचे तीन महिने माझी पोस्टिंग कम्युनिटी मेडिसिनची, म्हणजे गावाच्या आरोग्याच्या कामाची आहे. बरेच जण हाच काळ वाचनासाठी राखून ठेवतात. मी मात्र गावात जाणार आहे.

बाबा, पीजी करायचीच आहे. रोज रात्री जमेल तेवढं वाचते. पहिल्या खेपेला हवी ती जागा मिळाली नाही, तर पुन्हा बसेन. त्याची मनाची तयारी तुम्हीही ठेवा.

आणि आई, शेजारच्या काकूंना जिना चढताना छातीत दाटल्यासारखं होतं म्हणून तू व्हॉट्सअॅपवर त्यांचे जुने रिपोर्ट पाठवलेस. फोटो बघून मी गोळी सांगणार नाही. त्यांना शुगर आहे, पित्त समजून घरी बसू देऊ नकोस. आजच दवाखान्यात ने आणि ईसीजी काढायला सांग. डॉक्टरांचं बोलणं झालं की मला फोन कर, मी वाट बघते.

तुमची,
मनू