मेंढ्या किती घ्याव्यात, या तुझ्या प्रश्नावरून

ता. माण, जि. सातारा
भाद्रपद

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र ऐन गणपतीत मिळाले आणि घर पाहुण्यांनी भरलेले असल्यामुळे उत्तराला उशीर झाला. सिन्नरकडे अडीच एकर जमीन घेतलीस, हे वाचून फार आनंद झाला. मेंढ्या किती घ्याव्यात, कोंबड्या कोणत्या जातीच्या आणाव्यात आणि कुत्रा खरोखर लागतो का, असे तीन प्रश्न तू विचारले आहेस. त्यांची उत्तरे देतेच. पण त्याआधी माझाच एक प्रश्न आहे. दिवेलागणीला तुमच्या घरी रोज कोण असणार आहे? चारा घालणे, पाणी भरणे, वाडा झाडणे ही कामे मजुरी देऊन करून घेता येतात. जनावरांकडे पाहणे मात्र मजुरीने होत नाही, आणि इथला निम्म्याहून अधिक वेळ त्या पाहण्यातच जातो.

मेंढी दुखणे लपवते. गाय आजारी पडली तर शेजारच्यालाही कळते. मेंढी मात्र कळपाच्या मध्ये घुसून, मान खाली घालून, खाल्ल्यासारखे करत राहते आणि आपल्या लक्षात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून सकाळी वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचे जाळ्याचे कुंपण, सोडताना मी तोंडाशी उभी राहते आणि एकेक मेंढी पुढून जाऊ देते. कोण लंगडते, कोणाचे मागचे अंग घाण झाले आहे, कोण शेवटी रेंगाळते, कोणाच्या जबड्याखाली पाणी उतरून सूज आली आहे, हे त्या चार-पाच मिनिटांत दिसते आणि नंतर दिवसभर दिसत नाही. ज्या मेंढीबद्दल शंका येते तिला धरून डोळ्याची खालची पापणी उलटून पाहायची. ती लालबुंद किंवा गुलाबी असेल तर सोडून द्यायचे. फिकट, पांढरट असेल तर चौथ्या पोटात बसून रक्त शोषणाऱ्या जंतांनी घर केले आहे असे समजून औषध पाजायचे. दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यांनी यासाठी पापणीच्या पाच रंगछटांचा एक तक्ताच तयार केला असून ‘फमाचा’ या नावाने तो आता बऱ्याच देशांत वापरला जातो. सरसकट सगळ्या कळपाला पुन्हा पुन्हा जंतनाशक पाजत राहिल्यास जंतच औषधाला दाद देईनासे होतात. त्यामुळे ज्या मेंढीला गरज आहे तिलाच औषध द्यावे, हे मला मनापासून पटले आहे.

याच जंतांची पिल्ले पहाटेच्या ओल्या गवतावर चढून बसतात. आमच्याकडचे धनगर दव उतरल्याशिवाय खांड, म्हणजे मेंढ्यांचा कळप, बाहेर काढत नाहीत, त्यामागे हेच कारण आहे. त्यामुळे पावसाळ्यात नऊ-साडेनऊ वाजेपर्यंत आमच्या मेंढ्या वाड्यातच बें बें करत राहतात. तुझ्याकडचे नवे शेजारी याला आळशीपणा म्हणतील, म्हणू देत.

आता जातीविषयी. आमच्याकडे पाऊस सरासरी पाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा मुलखात दख्खनी मेंढी टिकते, कारण ती काटक आहे, लांब चालते आणि बाभळीच्या शेंगांवर व कडव्या पाल्यावरही दिवस काढते. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी अंगाने मोठी आणि तिचे कोकरू झपाट्याने वाढते, पण तिला खाऊ घालावेही तसेच लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनीत आणून नवी पैदास केली आहे. मी तिथल्या माद्या घेतल्या नाहीत. जुळी होणे ऐकायला गोड वाटते, पण दख्खनी मेंढीला दूध बेताचे. दुसऱ्या कोकराला बाटली लावण्याची तयारी असेल त्यानेच तिकडे वळावे. तू आरंभी दहा माद्या आणि एक नर घे. पुढे दर दोन वर्षांनी नर बदल, म्हणजे बापाचाच लेकींशी संकर होत राहणार नाही.

मेंढी पाच महिन्यांनी विते. व्यायल्यावर कोकराला तासाभरात चीक मिळायलाच हवा, कारण रोगांशी लढण्याची पहिली शक्ती त्याला त्यातूनच येते. आई कोकराला वासावरून ओळखते. व्याल्याबरोबर त्याला उचलून, पुसून, कौतुकाने घरात फिरवले तर ती पुन्हा जवळ घेईलच असे नाही. तुझ्या नातवंडांना हे आधीच बजावून ठेव. एखादीने पाजायचे नाकारले तर तिला खोपटात कोकराबरोबर कोंडून, पाय धरून, दोन-तीन दिवस पाजून घ्यावे लागते. या कामाला रात्र-अपरात्र नाही.

लसीकरणाचे वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळेल, म्हणून इथे विस्ताराने लिहीत नाही. आंत्रविषाराची लस पावसाच्या आधी टोचून घेणे तेवढे चुकवू नकोस, कारण पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या, लुसलुशीत गवतावर हावरेपणाने तुटून पडलेली धडधाकट मेंढी सकाळी मरून पडलेली सापडते. सध्याचे दिवस नीलजिव्हेचे. हा रोग चिलटे पसरवतात, म्हणून संध्याकाळी वाड्याच्या वाऱ्याच्या बाजूला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतो. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. गाईंसाठी मिळणारे खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नये, कारण त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि तिला ते बाधते. मेंढ्यांचे वेगळे मिश्रण मिळते, तेच माग.

कोंबड्या हा आमच्या सासूबाईंचा प्रांत, आणि त्यात मी फारशी लुडबुड करत नाही. जास्त अंडी देणाऱ्या सुधारित जाती मिळतात. पण त्यांना खाद्य विकत आणावे लागते आणि बसून पिल्ले काढण्याची वृत्ती त्यांच्यात फारशी उरलेली नसते. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि मध्येच खुडूक होऊन बसते. ज्यांना अंडी विकायची आहेत त्यांना तो तोटा वाटतो, सासूबाईंना मात्र तीच खरी मिळकत वाटते. दहा-बारा अंडी मांडायची, आठवड्याने बॅटरीच्या उजेडात धरून रिकामी निघालेली काढून टाकायची आणि एकविसाव्या दिवशी पिल्ले मोजायची, हे सगळे त्या दिसेनासे झाले तरी हाताने चाचपून करतात. मानमोडी हा कोंबड्यांचा रोग मात्र एकदा गावात शिरला की खुराडी रिकामी करून जातो. पहिल्या आठवड्यात त्यावरच्या लासोटा लसीचा थेंब पिल्लांच्या डोळ्यात घालायला त्यांनीही कधी विरोध केला नाही. त्यांच्या लहानपणी अशी खुराडी त्यांनी पाहिली आहेत.

कोंबड्या दिवसभर मेंढ्यांच्या वाड्यात लेंडी उकरत असतात आणि गोचीड, अळ्या वेचून खातात. वाड्याची ही सफाई आम्हाला फुकट मिळते. उलट बाजूने मात्र सावध राहावे लागते. कोंबड्यांच्या दाण्यात मेंढी शिरली आणि पोटभर धान्य खाल्ले, तर पोटात आंबून तिच्या जिवावर बेतते. म्हणून दाण्याचे पिंप झाकणाचे आणि झाकण कडीचे असावे. संध्याकाळी खुराडे लावताना मोजणी करायचीच. एक कमी भरली तर ती मुंगसाने नेली की कुंपणात अंड्यांवर बसली आहे, हे उजेड आहे तोवरच शोधता येते.

कुत्रा लागतोच. आमच्या भागातल्या माळांवर अजून लांडगे आहेत, आणि ते असावेत असे माझे मत आहे, जरी गावात हे उघडपणे बोलायची सोय नाही. कायद्याने लांडग्याला पूर्ण संरक्षण आहे. मेंढी नेली तर वन खात्याकडून भरपाई मिळते, फक्त लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. आमचा खंड्या पिल्लू असल्यापासून वाड्यात कोकरांबरोबर वाढला, त्यामुळे मेंढ्यांना तो परका वाटत नाही. गळ्यात खिळ्यांचा पट्टा आहे, कारण लांडगा आणि बिबट्या दोघेही कुत्र्याचा गळा धरतात. दरवर्षी रेबीजची लस आणि दर तीन महिन्यांनी जंतनाशक, यात तडजोड नको. बोकड किंवा मेंढा कापला की काळीज-फुप्फुसाचे कच्चे तुकडे कुत्र्यासमोर टाकण्याची गावोगाव पद्धत आहे, ती तुझ्या आवारात येऊ देऊ नकोस. त्यात पाण्याच्या गाठी असल्या तर कुत्र्याच्या पोटात फीतकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि तशाच गाठी माणसाच्या यकृतात वाढू शकतात.

पैशाचे तू विचारले नाहीस, तरी लिहिते. लोकरीला आमच्याकडे भाव असा राहिलेलाच नाही; कातरणाऱ्याची मजुरी सुटली तरी पुष्कळ झाले. घरच्या काळ्या लोकरीची दोन घोंगडी सणगराकडून विणून, चिंचोक्याची खळ लावून घेतली, तेवढाच काय तो लाभ. नर कोकरे लोणंदच्या बाजारात जातात आणि रोख पैसा येतो तो त्यातूनच. त्या दिवशी सासूबाई वाड्याकडे फिरकत नाहीत. खरी कमाई लेंडीखताची आहे. कोकणातून परतणारे धनगर वाटेत शेतात खांड बसवायचे धान्य आणि पैसे घेतात, यावरून त्या खताची किंमत तुझ्या लक्षात येईल. आमच्या हलक्या जमिनीत बाजरी आणि मटकी जी काही उभी राहते ती त्याच्या जोरावर.

आमचे हे आणि मी गेल्या कित्येक वर्षांत कोणत्याही लग्नाला जोडीने गेलेलो नाही. यामुळेच आरंभीचा तो प्रश्न विचारला. तुम्हा दोघांपैकी एकजण अजून नोकरीत आहे, दुसऱ्याचे गुडघे दुखतात, आणि मुलगा शनिवार-रविवारी येईल असे तू लिहितेस. मेंढ्यांना शनिवार-रविवार नसतो. एक वर्ष नुसत्या कोंबड्या आणि एक कुत्र्याचे पिल्लू ठेवून पाहा. कुंपण, पाणी आणि शेवरी-सुबाभळीची लागवड तेवढ्यात उभी राहील आणि कुत्राही मोठा होईल. मग मेंढ्यांसाठी बाजाराच्या आदल्या दिवशी इकडे ये. दात पाहून वय कसे ओळखायचे, कास कशी चाचपायची, हे मी प्रत्यक्ष दाखवीन.

येण्यापूर्वी विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी राहते ते तिथल्या जुन्या माणसांना विचारून मला कळव. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शालिनी