पॉइंट गेले, पण प्रश्न राहिला

संपादक साहेब, नमस्कार.

माझा भाचा ब्रिटनमध्ये असतो, स्पीडिंगचे ३ पॉइंट (नियम मोडल्यावर लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण) पडलेले, ते ४ वर्षांनी लायसन्सवरून निघाले म्हणून गाडीच्या इन्शुरन्सचा ऑनलाइन फॉर्म भरताना पॉइंट पडलेत का ह्या प्रश्नाला पठ्ठ्याने सरळ 'नाही'वर टिक केलं. अरे, पण फॉर्ममध्ये विचारलंय गेल्या ५ वर्षांचं! पुढे गाडी ठोकली, कंपनीने जुनं रेकॉर्ड बघितलं आणि क्लेमचे पैसे कापले. तिथल्या २०१२ च्या कायद्यानुसार निष्काळजीपणे चुकीचं सांगितलं तर खरं सांगून जेवढा प्रीमियम लागला असता त्यातला जेवढा हिस्सा भरला, त्या प्रमाणातच क्लेम मिळू शकतो, आणि मुद्दाम लपवलं असेल तर पॉलिसीच रद्द, क्लेम शून्य. विमा कंपन्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण ह्या वेळी चूक आमच्याच पोराची. ताई मात्र अजून कंपनीलाच शिव्या घालतेय.

– एक वाचक