काकू, तुमच्यामुळे ते घर नीट सोडता आलं

प्रिय काकू,

सा. न.

किल्ल्या परत देऊन पंधरा दिवस झाले आणि तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. निघताना दारात नुसतं "येते हं" म्हणाले, तुम्ही पाठीवरून हात फिरवलात, एवढंच. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या दोन दिवसांत तुम्ही जे दाखवलंत ते भाड्याचं घर सोडणाऱ्या कुणाच्याही कामी येईल.

सामान गेल्यावर घराकडे बघवेना. कपाट होतं तिथे भिंतीवर काळपट चौकोन, पंख्यावर धुळीची साय, नळांवर पांढरे चट्टे. डिपॉझिटची काळजी होतीच, पण चार वर्षं जिथे राहिले ते घर असं टाकून जायचं याची जास्त लाज वाटत होती. मी रडकुंडीला येऊन फरशी घासत होते तेव्हा तुम्ही आत डोकावलात. "अगं, फरशी सगळ्यात शेवटी. वरची धूळ खालीच येणार ना?" तिथून माझं काम मार्गी लागलं. तुम्ही घरातून जुनी उशीची खोळ आणलीत, पंख्याच्या पात्यावर चढवलीत आणि मागे ओढून घेतलीत. सगळी धूळ खोळीत, जमिनीवर कण नाही. मी ती खोळ फेकायला निघाले तर तुम्ही धुवायला घेऊन गेलात!

बाथरूममध्ये जे झालं त्यासाठी मात्र तुमचे पाय धरावेत असं वाटतं. टॉयलेटमध्ये मी अ‍ॅसिडवालं क्लीनर ओतून ठेवलं होतं आणि त्यावरच ब्लीच ओतायला बाटली उघडली होती. दोन औषधं मिळून दुप्पट काम करतील, असा माझा समज. तुम्ही धावत येऊन माझं मनगट धरलंत. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. डोळे, घसा, फुप्फुसं, सगळ्याला तो इजा करतो, आणि त्या एवढ्याशा बंद खोलीत मी एकटी होते. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबरही ब्लीच चालत नाही, हेही तेव्हाच कळलं. तुम्ही खिडकी उघडलीत, फ्लश करून भरपूर पाणी ओतायला लावलंत आणि ब्लीचची बाटली त्या दिवसापुरती बाहेर नेऊन ठेवलीत. तुमचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. काकू, तुम्ही ओरडलात म्हणून मी धडधाकट आहे.

मग तुम्ही मला थांबायला शिकवलंत. नळावरचे चट्टे मी तारेच्या घासणीने खरवडत होते, नळावर चरे पडत होते. ते चट्टे म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, पाणी सुकून मागे राहिलेलं, आणि ते आम्लात विरघळतं. तुम्ही पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये कपडा भिजवून नळाला गुंडाळलात आणि म्हणालात, "आता त्याला त्याचं काम करू दे." अर्ध्या तासाने कपडा काढला तर थर बोटानेही निघत होता. लगेच स्वच्छ पाण्याने धुवायला लावलंत, कारण आम्ल फार वेळ राहिलं तर नळाची चकाकी जाते. खिडकीच्या संगमरवरी पट्टीपासून व्हिनेगर लांब ठेवलंत तेही त्याच कारणाने. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच, चट्ट्यांबरोबर दगडही झिजला असता. व्हिनेगरमध्ये सोडा टाकला की फसफसतं म्हणून मी खूश व्हायचे. त्यात दोघांचाही जोर मोडतो, हे तुमच्याकडूनच कळलं.

स्वयंपाकघराला फार वेळ लागला नाही. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि पुन्हा तेच, थोडं थांबणं. चिमणीची जाळी अ‍ॅल्युमिनियमची होती, ती धुण्याच्या सोड्यात टाकण्याआधी तुम्ही थांबवलंत, नाहीतर काळी पडली असती. फ्रीज आदल्या रात्रीच बंद करायला लावलात. मी सुरीने बर्फ उकरायच्या बेतात होते, आणि आतली गॅसची नळी फुटली असती तर तो खर्च माझ्याच माथी बसला असता.

भिंतींना मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. नवा रंग जुन्याशी जुळत नाही, ठिगळ उठून दिसतं. आधी घरमालकांना विचार, म्हणालात. ते म्हणाले, खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवली तरी पुरे. मी दोन रात्री उगाच तळमळले होते! शेवटी प्रत्येक खोलीचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढायला लावलेत, आणि आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे येत फरशी पुसून आपण दोघी बाहेर पडलो. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. त्यात तुमचा वाटा किती, ते मला ठाऊक आहे.

या नव्या घरातही आधीच्या कुणीतरी नळावर पांढरा थर ठेवून दिलाय. पत्राला बसण्याआधी त्याला कपडा गुंडाळला होता. अर्धा तास होत आला, आता उठते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची मुलगी